चारी चाकं आणि मुका नैवेद्य

मी आयुष्यात एकदाच गप्प बसायचं कबूल केलं, आणि त्यातून एक देव तयार झाला.

देव अजून आहे. आमच्या गावामागच्या टेकडीवर, भैरोबाच्या देवळाच्या डाव्या अंगाला, शेंदूर फासून उभा आहे. शनिवारी लोक त्याला तेल वाहतात. नवी मोटारसायकल घेतली की आधी त्याच्या पाया पाडून आणतात. तो तिथे कसा आला हे नीट माहीत असलेली माणसं दोनच होती. एक गेलं. दुसरी मी. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा सजवून सांगायला मला येत नाही. झालं तसं सांगते.

लग्न होऊन मी चाकणजवळच्या ह्या गावात आले तेव्हा इथे कंपन्या नव्हत्या. कांदा होता, भुईमूग होता, आणि आमच्या सासऱ्यांची मोटार होती. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. मामंजींनी ती मोटार लष्कराच्या लिलावात घेतली होती. पुढे तिघांना बसायला जागा, मागे उघडा हौदा, रंग वाळलेल्या शेणासारखा. लढाईत ती लांब लांब जाऊन आली होती म्हणे. (दिसायचीही तशीच. हरून आल्यासारखी.)

मामंजींचा जीव तिच्यातल्या एकाच गोष्टीवर होता. बाकीच्या मोटारींची मागची दोन चाकं ओढतात आणि पुढची नुसती संगतीला फिरतात. हिची चारी चाकं ओढायची! ड्रायव्हरच्या पायापाशी एक आखूड खटका होता. तो पुढे ढकलला की पुढची चाकंही कामाला लागायची.

"बैलाला पाय किती?" मामंजी पारावर बसून विचारायचे.

"चार."

"मग वढतो कितींनी?"

"चारींनी."

"मग! लोकांच्या मोटारी म्हंजे दोन पायांवर नाचणारी अस्वलं. आमची मोटार म्हंजे बैल!"

हा सवालजवाब गावाला पाठ झाला होता. खटका मात्र कधी लागायचा नाही. कांदा घेऊन चाकणच्या बाजारात जायचं, सडक धड होती. चारी चाकं जमिनीपेक्षा पारावरच जास्त चालली.

आता मान काय होता ते सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं.

चैत्रात भैरोबाची जत्रा. पहिला नैवेद्य आमच्या घरचा. मामंजींचे चुलतभाऊ धोंडीतात्या म्हणायचे, छे, आमच्या घरचा. आजेसासऱ्यांच्या वेळेपासून भांडण चाललेलं. शेवटी पंचांनी तोड काढली होती. सूर्य डोक्यावर येऊन दीपमाळेची सावली तिच्या पायाशी गोळा व्हायच्या आत आमचा नैवेद्य देवापुढे आला, तर मान आमचा. उशीर झाला किंवा नैवेद्य वाटेत बाटला, तर मान तात्यांच्या घरी जाणार, तो कायमचा. त्यामुळे तात्या दर वर्षी आपला नैवेद्य तयार करून, सुनेच्या डोक्यावर देऊन, बैलगाडीतून आमच्या मागोमाग यायचे. आमचं काही चुकतंय का, एवढंच बघायला. मांजर ताकाच्या गाडग्याकडे बघतं तसे बघायचे.

आणि चुकायला वाव भरपूर होता! नैवेद्य घरातल्या नव्या सुनेनंच न्यायचा, तोही पायी नाही, गाडीतून. दुरडी जमिनीला टेकवायची नाही. आणि चुलीपुढून उठल्यापासून देवापुढे ठेवेपर्यंत सुनेनं तोंडातून शब्द काढायचा नाही. मुका नैवेद्य म्हणायचे त्याला. त्या वर्षी नवी सून मी. माझं माहेर चऱ्होलीचं. आमच्या माहेरी माणसं झोपेतसुद्धा बोलतात, आणि दुसरी झोपेतच त्यांना उत्तर देतात.

"सूनबाई," आत्याबाई म्हणाल्या. (आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई.) "वरीसभर बोलतीस. एक सकाळ कळ काढ."

"काढीन की आत्याबाई. त्यात काय एवढं? आमच्या माहेरी एकदा माझी चुलती..."

"आत्तापासनं!"

मी तोंड मिटलं. हातांना मात्र आधीच भरपूर काम झालं होतं. जत्रेच्या आधी कटाच्या आमटीचा मसाला कुटून कुटून माझे दंड भरून आले होते. आमच्याकडे मुसळं दोन. एक लाकडी, साधं. दुसरं लोखंडी, भारी कामाचं. ते आत्याबाईंना संक्रांतीच्या सुमाराला कडब्याच्या गंजीत सापडलं होतं. "कुणा चोरानं दडवलं आसंल, आता आपलं," म्हणून त्यांनी ते राखेनं घासून घेतलं. (काळं वंगण निघता निघेना.) एका टोकाला उभ्या खाचा, त्यामुळे मिरची अशी फुटायची की विचारू नका. दुसऱ्या टोकाला दोन बोटं वर केल्यासारखा चिमटा. धरायला सोयीचा. त्या मुसळानं मी संक्रांतीपासून चैत्रापर्यंत घरातलं सगळं तिखट कुटलं.

दर वर्षी नैवेद्य आमच्या बैलगाडीतून जायचा. त्या वर्षी मामंजींनी पारावर सांगून टाकलं, "यंदा मान मोटारीतनं जानार! वढा लागू दे न्हाईतर टेकडी लागू दे. चारी चाकं हायेत!" आणि बोलले ते बोलले, पण बैलही त्यांनी आदल्या दिवशी व्याह्यांकडे पाठवून दिले. माघार घ्यायची वाटच नको म्हणून!

भरीला जत्रेला जावईबापू आले होते. माझी नणंद दापोडीला दिलेली. तिचे मालक तिथल्या एका मोटारींच्या वर्कशॉपात होते, म्हणून आमच्या घरात त्यांना इंजिनाचे धन्वंतरी मानायचे. खरं म्हणजे ते तिथे गाड्यांवर नंबर रंगवायचे. अक्षर फार सुरेख होतं. पण जावयाला कोण विचारणार की बाबा, तू नक्की करतोस काय? शिवाय दिवाळसणाला त्यांनी एक चमत्कार केला होता. मोटारीच्या पुढच्या अंगानं खडखड येत होती. जावईबापू दुपारभर गाडीखाली झोपले, कुणाला जवळ येऊ दिलं नाही, आणि खडखड बंद! मामंजींनी भर पारावर त्यांना फेटा बांधला.

तर आम्ही निघालो. आमचे मालक चालवायला, मधे आत्याबाई, कडेला मी, मांडीवर दुरडी. मागे हौद्यात मामंजी आणि फेटा बांधलेले जावईबापू, दोघे उभे, वरातीतल्यासारखे. मागून धोंडीतात्यांची बैलगाडी, आणि जत्रेला निघालेले गावकरी. गाडीत त्यांची म्हातारी आई, आणि नैवेद्य घेतलेली त्यांची सून. ती बिचारी पण मुकीच. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दोन बायका, सकाळची वेळ, आणि बोलायचं नाही! देवाला काय एकेक सुचतं.

गाव संपलं की ओढा. चैत्रात पाणी नाही, नुसती वाळू, घोट्याच्या वर. मोटार थाटात उतरली, मधोमध गेली आणि बसली. म्हैस बसते तशी. आधी मागून, मग पुढून.

"मार खटका!" हौद्यातून मामंजी गरजले. पोरीच्या लग्नातसुद्धा एवढे खूश नव्हते झाले म्हणे. "लोकहो, बघा आता चारी चाकं!"

मालकांनी खटका पुढे ढकलला. इंजिन ओरडलं. मागची चाकं गरागरा फिरली आणि तात्यांच्या बैलांच्या तोंडावर पायलीभर वाळू उडाली. पुढची चाकं शांत. शेजारच्या घरी भांडण चाललंय तशी ऐकत उभी.

"लागला का?"

"लागला की! पुढं गेला, पर वढत न्हाई!"

"मंग मागं घे आन पुन्यांदा मार!"

मालकांनी मागे घेतला, पुन्हा मारला. मागे, पुढे, मागे, पुढे. मोटार तेवढ्यात वीतभर आणखी खाली गेली.

"का रं आबा," तात्या बैलगाडीतून म्हणाले, "बैल बसला का तुजा?" आबा म्हणजे आमचे मामंजी.

"बसला न्हाई! दम खातोय!"

आता जावईबापू हौद्यातून खाली उतरले. मोटारीभोवती एक फेरी मारली. एका चाकावर टिचकी मारली, कान लावला.

"पुढं वजन नाही," ते म्हणाले. "वजन नाही म्हणून चाक पकडत नाही. बॉनेटवर जडशी वस्तू पाहिजे."

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग सगळ्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं.

"मी न्हाई बसायची!" आत्याबाई म्हणाल्या.

"आई, मानाचा प्रश्न आहे," जावईबापू म्हणाले. जावयानं मागितलं ते नाही कसं म्हणायचं? माझ्या सासूबाईंना चौघांनी धरून मोटारीच्या नाकावर चढवलं. नऊवारी लुगडं, कपाळभर कुंकू, खाली तापलेला पत्रा. मालकांनी खटका मारला, मोटार थरथरली, आत्याबाई थरथरल्या. पुढचं चाक हललं नाही. आत्याबाई मात्र पत्रा चटकला तशा चारी चाकं लागल्यासारख्या उतरल्या.

"यंत्र तापलंय," जावईबापू म्हणाले. "खटक्याच्या मुळावर पाणी मारा."

प्यायची कळशी ओतली. वाफ आली, दुसरं काही आलं नाही. मग त्यांनी सांगितलं, आधी उलटी चालवा म्हणजे दाते जागेवर येतील. उलटी चालवली. मागची चाकं दिसेनाशी झाली. मग आत्याबाईंनी पदराला बांधलेलं लिंबू सोडून चाकाखाली ठेवलं. ते दबलं. एवढं एकच काम त्या चाकानं त्या दिवशी नीट केलं.

ऊन चढत होतं. टेकडीवरची दीपमाळ ओढ्यातून दिसायची. तात्या डोळ्यावर हात धरून तिच्याकडे पाहत होते आणि मिशीतल्या मिशीत हसत होते. आबांच्या घराचा मान त्यांना तिथूनच दिसायला लागला होता. मामंजींचा चेहरा बघवेना. मघापासून पारावरची सगळी वाक्यं त्यांना एकेक करून आठवत असावीत.

शेवटी आमचे मालक वैतागून मोटारीखाली शिरले. मी दुरडी डोक्यावर घेऊन वाळूत उभी. खालून आवाज आला.

"आबा! मागच्या चाकांकडं एक दांडा गेलाय. जाड. त्याच्या टोकाला ह्यो आसा चिमटा हाय, दोन बोटांवानी!"

"बरं मग?"

"पुढच्या चाकांकडं दांडाच न्हाई! नुसतं मोकळं हाय! हितं खाचंचं कायतरी बसत आसनार, खाचंचं टोक..."

दोन बोटांचा चिमटा. खाचांचं टोक.

माझ्या डोक्यावरची दुरडी हलली. अहो, माझं मुसळ! मी संक्रांतीपासून ह्या मोटारीची पुढची दोन चाकं उखळात आपटत होते!

आणि बोलायचं नाही!

"तसं ते नसतंच," जावईबापू घाईघाईनं म्हणाले. कपाळावर घाम, फेटा एका कानावर. "ह्या जातीच्या गाडीला पुढं दांडा नसतो. पुढच्या चाकांना जोर तेलातून जातो. आतल्या आत."

मी त्यांच्याकडे पाहिलं. दिवाळीची खडखड कशी थांबली असेल ते मला तिथल्या तिथे कळलं. खडखडणारी वस्तूच काढून टाकली, की ती कशी खडखडेल! काढणं कुणालाही येतं. परत बसवता येईना, तेव्हा गेली कडब्यात. आणि वर फेटा!

मी एका हातानं दुरडी धरली आणि दुसऱ्या हातानं कुटायची खूण केली. वर, खाली, वर, खाली.

"काय म्हनती ही?" मामंजी म्हणाले.

"पोटात दुखतंय जनू," आत्याबाई.

मी मान हलवली. दोन बोटं वर केली, मोटारीकडे दाखवली.

"दोन? दोनच चाकं फिरत्यात म्हनती. आगं, ते आमालाबी दिसतंय!"

मी आणखी जोरानं कुटलं. मालक खालून डोकं काढून म्हणाले, "खटक्यावर दगड घाल म्हनती!" आणि दगड शोधायला निघाले. मी पाय आपटला. दुरडी वाकडी झाली, ती सावरताना अंबाडा सुटला, केस तोंडावर आले. तोंड मिटलेलं, आणि आत शब्द भरून राहिलेले. नाकातून आवाज यायला लागला. "हूंऽऽ! हूंऽऽ!"

तात्यांची म्हातारी बैलगाडीत ताडकन उभी राहिली. एरवी तिला उठवायला दोन माणसं लागायची.

"आंगात आलं! भैरूबा आला पोरीच्या आंगात!"

जत्रेला निघालेला हलगीवाला तिथेच होता. त्यानं इकडेतिकडे काही विचारलं नाही. धंद्याची वेळ त्याला कळते. कडाडकड् कड्! लागला वाजवायला. कुणीतरी भंडारा उधळला, माझ्या नाकात गेला, मी शिंकले. "देव बोलतोय!" म्हणून चारदोन माणसं वाळूत आडवी पडली. मला आधी रडू येणार होतं. मग मी विचार केला. मुकं राहायचं ते सुनेनं. देवाला कुणी गप्प बसवलंय?

"देवा, काय चुकलं आमचं?" आत्याबाई हात जोडून माझ्यापुढे वाकल्या. लग्न झाल्यापासून मी त्यांच्यापुढे वाकत होते. हे जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मी घोगरा आवाज काढला. "मुसऽऽळ!"

"मुसळ? मुसळ मागतोय देव!"

मालक गावाकडे धावत सुटले. ओढा गावाला लागूनच, लगेच परत आले. घामानं निथळत, खांद्यावर लाकडी मुसळ. देवाच्या तोंडून आणखी एक शब्द जाणार होता, तो मी गिळला.

"लोखंऽऽडी!"

"आदी सांगायचं की देवा!" मालक म्हणाले आणि पुन्हा पळाले. माझ्याशी ते एवढं नम्रपणे त्याआधी बोलले नव्हते, नंतरही नाहीत.

मधल्या वेळात देवाला जरा उसंत नव्हती. म्हातारीनं विचारलं, माझा दमा कधी जाणार? तात्यांनी विचारलं, माझी म्हैस कुणी नेली? मी नुसतं "हूं" म्हणत होते, आणि लोक त्याचे अर्थ लावून समाधान पावत होते. जावईबापू तेवढे लांब उभे होते. लोखंडी मुसळ येताना दिसलं, आणि ते गाडीवर रंगवायच्या नंबरासारखे पांढरे झाले.

ते पळत येऊन माझ्या पायांवर पडले. लोकांना वाटलं, भक्ती. पायांशी कुजबुजले, "वहिनी, वहिनी! मी काढलं. पण मला बसवता येत नाही हो! फेटा परत घेतील!"

मी मालकांच्या हातातल्या मुसळाकडे आणि मग मोटारीखाली बोट दाखवलं. तिथे घाला म्हणून हूं केलं. कुणीतरी घातलं असतं. पण जावईबापू उठले, आणि माणूस अडचणीत सापडला की त्याला कसं सुचतं बघा. त्यांनी मुसळ दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावलं.

"देवाची खूण! ही जमिनीवर ठेवायची नाही. गाडीखाली तर मुळीच न्यायची नाही. पाप लागेल! पुढं बांधा, पुढं!"

झालं! पाया पडलेल्या जावयाला देवानंच उघडं कसं पाडायचं? आत्याबाईंनी हळदकुंकू वाहिलं. मामंजींनी आपल्या पटक्यानं मुसळ बॉनेटवर बांधलं, चिमट्यात झेंडूचा हार अडकवला. ज्याची जागा मोटारीखाली, ते मोटारीच्या डोक्यावर चढलं! "आता मार खटका!" मालकांनी मारला. इंजिन किंचाळलं. मोटार आसापर्यंत वाळूत गेली.

दीपमाळेची सावली हातभर राहिली, असं टेकडीवरून कुणीतरी ओरडलं.

मामंजी वाळूत मटकन बसले. पारावरचा एवढा मोठा माणूस, तोंडातून शब्द नाही. माझ्याऐवजी तेच मुका नैवेद्य झाले. वाईट वाटायला मला वेळ नव्हता. माझ्या पहिल्याच वर्षी मान गेला असता, तर जन्मभर ऐकावं लागलं असतं की ह्या सुनेच्या पायगुणानं गेला. मी तात्यांच्या बैलांकडे पाहिलं. पोसलेले, पांढरे, शिंगं रंगवलेले. मग तात्यांकडे पाहिलं. एरवी चुलतसासऱ्यापुढे मी डोक्यावरचा पदर कपाळाखाली ओढून भिंतीला चिकटायची. पण देवाला कसला चुलतसासरा?

"धोंड्याऽऽ!"

तात्या उडालेच. त्यांची आई सोडली तर त्यांना धोंड्या म्हणणारं गावात कुणी उरलं नव्हतं.

"जी... जी देवा!"

"बैल जोड माझ्या गाडीला!"

"पर देवा, ही गाडी तर आबाची..."

"धोंड्या! म्हैस पायजे का न्हाई?"

हे मी कुठून काढलं मलाच माहीत नाही. तात्यांनी पुढे वाद घातला नाही. आपल्या हातांनी बैल सोडले, जू दोरखंडानं मोटारीला बांधलं, आणि शेपट्या पिरगाळत, देवाच्या भीतीनं, स्वतः ओढू लागले. हलगी कडाडली. मोटार वाळूतून उचलली गेली आणि निघाली टेकडी चढायला. पुढे तात्यांचे बैल, त्यांच्यामागे हार घातलेलं मुसळ, स्टिअरिंगवर मालक, शेजारी दुरडी घेऊन मी, इंजिन बंद. हौद्यात मामंजी पुन्हा उभे राहिले. त्यांना कंठ फुटला.

"बघा रं! बघा लोकहो! चारी चाकं फिरत्यात!"

आणि फिरत होती की! ओढून नेलं तर कुणाचीही फिरतात.

वर पोचलो तेव्हा दीपमाळेच्या पायाशी सावलीचा नखाएवढा तुकडा उरला होता. मी दुरडी देवापुढे ठेवली. तात्या धापा टाकत म्हणाले, "माजं बैल आदी पोचलं! आदी माजं बैल! मान माजा!"

गुरवानं विचारलं, "बैल आलं, खरं हाय. नैवेद्य कुटं हाय?"

तात्यांनी मागे वळून पाहिलं. खाली ओढ्यात, बिनबैलाच्या गाडीत, त्यांची सून डोक्यावर नैवेद्य घेऊन बसली होती. मुकी. बिचारीला हाकसुद्धा मारता येत नव्हती.

मान राहिला. मी तोंड उघडलं, आणि नंतर संध्याकाळपर्यंत मिटलं नाही. आत्याबाई म्हणाल्या, देव बरा होता.

मुसळाचं मात्र खाली यायचं राहिलं. गुरवानं ते देवळाच्या डाव्या अंगाला पुरून उभं केलं, शेंदूर फासला, चिमट्याला डोळे रंगवून घेतले. (डोळे जावईबापूंनी रंगवले. ब्रश धरायला हात शिवशिवत असणार. फार सुरेख जमले.) नाव पडलं मुसळोबा. मोटारीची पुढची चाकं कायमची नुसती संगतीला राहिली. पण मामंजींना त्याचं काही नव्हतं. पारावर त्यांनी सवालजवाब तेवढा बदलला.

"लोकांच्या मोटारींना देव राखतो," ते म्हणायचे. "आमच्या मोटारीतनं देव निघाला!"

तात्यांची म्हैस चौथ्या घरच्या गोठ्यात सापडली, आणि माझं काम वाढलं. चाकणपासून पार भोसरीपर्यंत कुणाची मोटार बंद पडली की माणूस आमच्या दारात. "वहिनी, जरा भैरूबाला इचारा की, गाडी का चालू व्हईना?" मी म्हणायची, पेट्रोल बघ. निम्म्या वेळा तेच असायचं. पंचक्रोशीत माझा दरारा झाला.

जावईबापू त्यानंतर दर दिवाळीला माझ्यासाठी लुगडं आणायचे. माझी नणंद विचारायची, "वैनीवर एवढा जीव का?" ते म्हणायचे, "त्यांच्यात देव आहे." एकदा आत्याबाईंनी त्यांच्यापुढे ताट ठेवता ठेवता म्हटलं, "जावईबापू, लाकडी मुसळानं मिरची बारीक व्हईना. तसलं दुसरं लोखंडी कुटं मिळंल का वो?"

जावईबापूंचा घास घशात अडकला. कारण दुसरं होतं. मागच्या चाकांकडे जाणारं! मी त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या आणि आत्याबाईंना सांगितलं, लाकडीच बरं, सवय झालीय.

आता टेकडीवरून पाहिलं तर कंपन्यांचे पत्रे दिसतात. माझा नातू त्यातल्या एका कंपनीत आहे, तिथे हौद्याच्या गाड्याच बनतात. त्यानं हप्त्यावर नवी घेतली. चारी चाकांची. खटका नाही, बटण आहे. पहिल्याच दिवशी ती मुसळोबापुढे उभी केली, नारळ फोडला आणि मला म्हणाला, "आजी, इंजिनिअर लोकंपण इथं येतात. मानतात एकदम!" मी म्हटलं, मानू देत.

माझे गुडघे दोन वर्षांपासून चालेनासे झालेत. डॉक्टर झाला, तेल झालं, पट्टा झाला. सून म्हणाली, मुसळोबाला नवस बोला. मी हसले. म्हटलं, अगं, त्यानं मी मिरच्या कुटल्यात, त्याला काय सांगतेस!

मग गेल्या शनिवारी, कुणी बघत नाहीसं पाहून, नातवाच्या गाडीतून वर गेले. तेल वाहिलं. हात जोडले. म्हटलं, बाबा, तिखट लागलं असेल तर राग धरू नको, एवढे गुडघे चालू कर.

गुडघे होते तिथेच आहेत. आणि राहणारच! ज्याला जन्मात पुढची दोन चाकं फिरवता आली नाहीत, त्याच्यापुढे मी माझे पुढचे दोन पाय घेऊन गेले!